गव्हाणीतलं घड्याळ

गुरुवारी आमच्याकडची हवा वेगळी असायची. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण ज्यांचं लहानपण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आसपास गेलंय त्यांना विचारून बघा. रविवारी शाळा बंद आणि बाप कामावर. गुरुवारी शाळा चालू आणि बाप घरी. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बुधवारपर्यंत सगळीकडे एक बारीक घरघर भरून राहिलेली असे. तिच्याकडे कुणाचं लक्षही नसे. गुरुवारी पहाटे ती नाहीशी झाली की मग कळायचं, ती होती. मी डोळे न उघडता अंथरुणातच ओळखायचो की आज गुरुवार आहे.

दापोडीला रेल्वेलगतच्या गल्लीत आमची दीड खोली होती, अजूनही आहे. वडील लातूरकडून आलेले, आयुष्यभर ड्रिलिंग मशीनवर काम केलेले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गुरुवारी दादा उशिरा उठायचे, दोन वेळा चहा घ्यायचे, आरसा खिडकीला टांगून सावकाश दाढी करायचे आणि मग कॉटवर नुसते पडून राहायचे. झोपायचे नाहीत. छताकडे बघत शांतता ऐकायचे. ओव्हरटाइमला बोलवायला घरी माणूस आला तरी ते गुरुवारी गेले नाहीत. "सहा दिवस त्यांचे, गुरुवार माझा," एवढंच म्हणायचे. आई चिडायची, भांडी जरा जोरात आपटायची. पण तो वार तिलाही त्यांच्याकडून कधी काढून घेता आला नाही.

शाळेला सुट्ट्या लागल्या की गुरुवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून फिरायला न्यायचे. लोक पोरांना बागेत नेतात, आमच्या दादांनी मला बंद एमआयडीसी दाखवली. रुंद रिकामे रस्ते, ओढून घेतलेली गेटं, खुर्चीत डुलकी घेणारा वॉचमन, शेडच्या पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांच्या पायांचा आवाज. कुठल्या तरी शटरपाशी ते सायकल थांबवायचे, पत्र्याला कान लावायचे आणि मलाही लावायला सांगायचे.

"ऐक. झोपल्यात मशिनी."

मी ऐकायचो. आत काहीतरी हळूहळू श्वास घेतंय असं मला स्पष्ट ऐकू यायचं. आज मी स्वतः मशिनी चालवतो, त्या श्वास घेत नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या दुपारी मी तो आवाज ऐकला होता, आणि त्याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

मग ते गेटं दाखवायचे. "हितं मी सात महिने होतो. हितं बी सात. ह्या निळ्या गेटात पाच, मग शेठच वारले." कंपनीतलं वर्ष सात महिन्यांचं असतं, असंच मला बरीच वर्षं वाटायचं. सात महिन्यांनी माणसाला घरी का पाठवतात हे पुढे कळलं: जास्त दिवस ठेवला तर त्याला परमनंट करावं लागतं. दादा कधीच परमनंट झाले नाहीत. किती गेटांतून आत गेले आणि बाहेर आले, पण सगळीकडे टेम्पररीच. घरात हा शब्द जपून वापरला जायचा. लग्नाकार्यात कुणाची ओळख करून देताना आई आधी आवाज खाली आणायची आणि मग म्हणायची, "ते परमनंट आहेत."

गंमत अशी की प्रत्येक गेटात लोक दादांची आठवण काढायचे ती त्यांच्या धारेसाठी. ड्रिलचं टोक बोथट झालं की ते चाकावर धरून पुन्हा पाजळावं लागतं. दोन्ही कडा अगदी सारख्या यायला हव्यात. एक कड केसभर जास्त गेली की भोक मोठं पडतं आणि माल गेला भंगारात. दादा ते कुठल्याही मापाशिवाय, नुसत्या हाताने करायचे. डोळ्यांनीही नाही म्हणायचे, कानांनी. धार बरोबर बसली की चाकाचा आवाज हलका होतो, असं ते सांगायचे. मग ते टोक अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवून बघायचे. नखावर घसरलं नाही, रुतून राहिलं, की झालं.

मी आयटीआय केलं आणि चाकणच्या एका कंपनीत धार लावायच्याच खात्यात लागलो. कंत्राटावर. कुरुळीत खोली घेतली, कारण दापोडीहून रोज जाणंयेणं शिफ्टमध्ये जमत नव्हतं. कंत्राटाचा ब्रेक झाला, दुसरी कंपनी. पुन्हा ब्रेक, तिसरी. तिसऱ्या ब्रेकनंतर मी खोलीच्या पायरीवर बसून दिवसभर मोबाइलवर अर्ज भरायचो. अंग मात्र शिफ्टमध्येच अडकलेलं. पहाटे पाचला जाग यायची, मी तोंड धुऊन फाट्यावर जाऊन उभा राहायचो, कंपन्यांच्या बस येऊन माणसं उचलून न्यायच्या, आणि शेवटची बस गेली की मला आठवायचं की मला कुठे जायचं नाहीये. हे किमान चार वेळा झालं. एकदा तर मी बसमध्ये चढलोसुद्धा. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या चौकात उतरलो आणि धुक्यातून चालत परत आलो, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

खोलीचे मालक कुरुळीचेच जुने शेतकरी. गावात सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. जमीन गेली, बैल गेले, त्याच जागेवर भाड्याच्या बारा खोल्या उभ्या राहिल्या. पण गोठा मामांनी पाडू दिला नाही. रिकाम्या गोठ्यात रोज सकाळी खुर्ची टाकून बसायचे. जमिनीत दावणीचे खुंटे तसेच, भिंतीलगत चारा घालायची लांबलचक गव्हाण तशीच, आत जुन्या कडब्याचा वास. मुलगा म्हणायचा, इथे चार गाळे निघतील. मामा म्हणायचे, निघतील की.

एक दिवस मी पायरीवर मोबाइल घेऊन बसलेलो असताना त्यांनी हाक मारली.

"पोरा, रोज त्या फोनात काय हुडकतूस रं?"

"नोकरी, मामा."

"सापडली न्हाई व्हय अजून? आन् तुला येतं काय?"

"धार लावायला येतं."

"मंग लाव की. धार लावायला बी इच्यारावं लागतं का कुनाला?"

एवढंच बोलणं. पण मी त्या दिवशी पुढचा अर्ज भरला नाही. फंडाचे पैसे आले त्यात एक जुनं ग्राइंडर आणि ड्रिल अचूक कोनात धरून ठेवायचं एक छोटं यंत्र घेतलं, मामांनी गोठ्यात वीज ओढू दिली, आणि माझा धंदा सुरू झाला. हत्यारांसाठी फळ्या ठोकायला मी निघालो तर मामांनी थांबवलं. "गव्हान हाय की येवढी लांब. तिच्यात मांड." त्या दिवसापासून माझी ड्रिलं गव्हाणीत ओळीने निजायला लागली, लहान एका टोकाला, मोठी दुसऱ्या टोकाला.

पहिले काही महिने मी झोपेत चालल्यासारखं काम केलं, पण ती फार गोड झोप होती. सकाळी दारातून तिरकं ऊन यायचं, चाक फिरायला लागलं की ठिणग्यांची सर त्या उन्हात पडायची आणि ऊन कुठलं, ठिणगी कुठली ते कळायचं नाही. मामा खुर्चीत बसून ते बघायचे. मधेच ते म्हणायचे, "हितं ढवळ्या बसायचा," आणि मी चाकावर ड्रिल टेकवलं की त्या कोपऱ्यात कुणीतरी कान हलवल्यासारखं मला वाटायचं. कुणी साहेब नाही, हजेरीचं कार्ड पंच करणं नाही, शिफ्ट नाही. मी सुखात होतो. ते कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती, कारण घरी मी सांगितलं होतं की नोकरी मिळेपर्यंत जरा किरकोळ काम बघतोय.

दादा गोठा बघायला कधी आले नाहीत. फोनवर विचारायचे, "अर्ज टाकलालास ना लेकरा?" मी हो म्हणायचो.

माझं एकच नियमाचं गिऱ्हाईक होतं. चिंचवडच्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळणाऱ्या बाई. बुधवारी संध्याकाळी कारखाना सुट्टीसाठी थांबला की त्या बोथट ड्रिलांचा खोका बाहेर काढायच्या, मी जाऊन आणायचा, आणि शुक्रवारी सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आत धार लावून पोचवायचा. म्हणजे सगळ्या जगाचा गुरुवार सुट्टीचा आणि माझा गुरुवार सगळ्यात कामाचा. बाई चष्म्यावरून बघत पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "धार चांगली आहे तुमची. पण एकदा वेळ चुकली तर दुसऱ्यांदा खोका मिळणार नाही." त्यांच्या भरवशावर माझा धंदा उभा होता. बाकी सगळं चिल्लर.

आणि त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी फोन आला. वर्षापूर्वी कधीतरी भरलेला अर्ज. चाकणचीच कंपनी, टूलरूम, आणि पाठोपाठ मोबाइलवर आलेल्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं: कायम. दसरा रविवारी होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता मूळ कागदपत्रं घेऊन गेटवर हजर राहायचं, नऊनंतर प्रवेश नाही.

मी घरी कळवलं. न कळवून कसं चालणार? आईने दोन दिवस आधीच गल्लीत पेढे वाटले. दादांनी फोनवर वार आणि वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "सोमवारी मी येतो. गेटापर्यंत. तू आत जाताना बघतो आन् मग जातो माघारी." ते ऐकून मला लगेच कागदपत्रं काढून ठेवावीशी वाटली आणि त्याच वेळी मला गोठ्यात जाऊन कडी लावून बसावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं.

तरी माझं ठरलेलं नव्हतं. कागदपत्रं मी पिशवीत भरली, पुन्हा काढली, पुन्हा भरली. असं करता करता खंडेनवमी आली.

आमच्या भागात त्या दिवशी कंपन्यांमध्ये मशिनी धुऊनपुसून त्यांना हार घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. मीही माझ्या ग्राइंडरची पूजा करायची तयारी केली. मामा अंघोळ करून धोतर नेसून आले आणि गव्हाणीकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ही हत्यारं?"

"ती माझी नाहीत मामा. गिऱ्हाइकाची आहेत." चिंचवडच्या बाईंनी दसऱ्याच्या सुट्टीमुळे जास्तीची चाळीस ड्रिलं दिली होती. धार लावून झालेली, ओळीने मांडलेली. सोमवारी दुपारी बाराच्या आत हवी होती.

"हत्यार ज्या घरात हाय त्या घरात त्याची पूजा. आमी शेजाऱ्याचा नांगर आनला आसला तरी त्याला नवमीला उपाशी ठिवत न्हवतो."

मला ते पटलं. त्या क्षणी ते फार सुंदर वाटलं, हे कबूल करतो. आम्ही पाटावर लाल कापड अंथरलं, चाळीसच्या चाळीस ड्रिलं त्यावर मांडली. मामांनी विड्याच्या पानाने पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडून त्याचं पाणीही सगळ्यांवर फिरवलं. झेंडू ठेवला. उदबत्तीच्या धुरात ती ड्रिलं सोन्याची दिसत होती.

"आता शिलंगन होईस्तवर हलवायची न्हाईत," मामा म्हणाले. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाची शीव ओलांडून आपट्याची पानं वाटून होईपर्यंत. मी मान डोलावली.

उघड्या पोलादाला पाणी लागलं की गंज चढतो. हे मला आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. कंपनीत आम्ही पूजा करायचो ती मशीनच्या रंगवलेल्या अंगाची. त्याला काही होत नाही. ताजी धार लावलेल्या उघड्या कडांवर नारळपाणी शिंपडून ती दोन दिवस तशीच ठेवायची, हे सुचायला माणूस गाढवच पाहिजे, आणि मी तर त्याच विषयातला शिकलेला गाढव. तेलाचा एक हात फिरवला असता तरी भागलं असतं. पण हात जोडलेले असताना तेल कुणाला सुचतं.

रविवारी दिवेलागणीला आपट्याची पानं वाटून आलो, पूजा हलवली आणि ड्रिलं उचलली. प्रत्येकाच्या कडेवर तांबूस ठिपके. काहींना कुंकवाखाली, काहींना हळदीखाली, पण सगळ्यांना. नखावर टेकवून बघितलं तर घसरत होतं. मामाही जवळ आले, एक ड्रिल हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

माझ्या त्या यंत्रावर एक ड्रिल बसवून, कोन लावून, दोन्ही कडा करायला दहा-बारा मिनिटं लागायची. चाळीस ड्रिलं म्हणजे साताठ तास. सकाळी नऊला गेटवर, बाराला चिंचवडला. रात्री चाक लावायची सोय नव्हती, बारा खोल्यांत शिफ्टची माणसं झोपलेली. जमणारं गणित नव्हतं. मी गव्हाणीच्या कडेवर बसलो आणि मला एकदम हलकं वाटलं. झालं, ठरलं. धंदा आपल्याला झेपणारा नाही, त्यासाठी वेगळी माणसं लागतात. दादांना फोन केला आणि म्हणालो, "उद्या जॉइन होतोय, दादा." ते म्हणाले, "मग! नाही तर काय?" ड्रिलं तशीच बाईंना परत द्यायची, माफी मागायची आणि गोठ्याची किल्ली मामांना द्यायची, असं मनाशी ठरवून मी झोपलो.

सोमवारी सकाळीच दादा पहिल्या बसने आले. सात वाजले असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मनगटावर ते घड्याळ. ते घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं. सगळ्या गेटांतून मिळून दादांना एकदाही उशीर झालेला नाही, आणि ते त्या पाच मिनिटांमुळे, असं ते मानायचे. आईने दिलेला डबा आणि माझ्यासाठी नवा शर्ट त्यांच्या पिशवीत होता.

"हेच का ते?" गोठ्याच्या दारात उभं राहून ते म्हणाले. आत आले. चाक हाताने फिरवून बघितलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांची नजर गव्हाणीत गेली.

"हे काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. पूजा, पाणी, शिलंगण. त्यांनी एक ड्रिल उचललं, उजेडात धरून कड बघितली, नखावर टेकवलं.

"आन् हे असं परत देणार तू?"

"वेळच नाही, दादा. नवाला गेटवर पोचायचंय."

"कुणाचा माल हाय हा?"

"गिऱ्हाइकाचा."

"मग," दादा म्हणाले, आणि मनगटावरचं घड्याळ काढलं. चाकासमोर उभं राहताना हातातलं काढून ठेवायचं ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. ते त्यांनी गव्हाणीत, ड्रिलांच्या रांगेशेजारी ठेवलं. शर्टाच्या बाह्या वर केल्या. "चाक लाव."

ड्रिल कोनात धरायचं माझं यंत्र त्यांनी बाजूला सरकवलं. ड्रिल दोन्ही हातांत धरलं, कोपर कमरेशी टेकवलं, आणि चाकाला नुसतं हुंगवल्यासारखं लावलं. ठिणग्या उडाल्या. मनगट वळलं, ड्रिल फिरलं, दुसरी कड. आवाज जड होता, मग हलका झाला. लहानपणापासून ज्याच्याबद्दल ऐकत आलो होतो तो आवाज. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो. बापाला कामावर मी कधी बघितलंच नव्हतं. मला त्यांनी दाखवले होते ते कायम झोपलेले कारखाने.

नखावर टेकवलं. रुतलं. चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

"पुढचं दे."

मी पुढचं दिलं. त्यांनी झालेलं माझ्याकडे दिलं, मी ते रॉकेलमध्ये बुडवून अंगावरच्या पिळदार नाल्यांमधली हळद ब्रशने काढायला लागलो, पुसायला, तेल लावायला. मामा आले, खुर्ची टाकून बसले, बघत राहिले. दारातून ऊन आत सरकलं आणि दादांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. शर्ट हळूहळू करडा होत होता. त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा मी तसा फक्त गुरुवारी बघितलेला, कॉटवर छताकडे बघत पडलेले असायचे तेव्हाचा. त्यांच्या आजूबाजूला चाक गरगरत होतं आणि तरी ते ती शांतता ऐकत होते. मला वाटलं, मी पुन्हा सायकलच्या दांडीवर बसलोय आणि शटरच्या आत कुणीतरी श्वास घेतंय.

बारा झाली. पंधरा. माझा मोबाइल वाजला. मीच लावलेला गजर, साडेआठचा. निघायची वेळ. कंपनी तिथून मोटारसायकलने पंधरा मिनिटांवर होती. कपडे बदलून निघालो असतो तर आरामात पोचलो असतो, पण मग बाराच्या आत खोका चिंचवडला न्यायला कुणी उरलं नसतं. मी गजर बंद केला आणि दादांकडे बघितलं. गजर त्यांनी ऐकला होता. चाकावरचं ड्रिल त्यांनी उचललं, क्षणभर तसंच हवेत धरलं. माझ्याकडे बघितलं नाही, गव्हाणीतल्या घड्याळाकडेही नाही.

"पुढचं दे," ते म्हणाले.

माझ्या हातात सोळावं ड्रिल होतं. ते मी दिलं.

साडेनऊच्या सुमाराला कंपनीतून फोन आला. मी बाहेर जाऊन सांगितलं की येत नाहीये, क्षमा करा. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, नक्की ना? परमनंट आहे." मी म्हणालो, नक्की. आत येऊन पुन्हा ब्रश हातात घेतला. दादांनी फोनबद्दल विचारलं नाही. त्या सकाळी ते वेळ विसरले होते, की त्यांनी ती जाऊ दिली, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असं नाही. उत्तर काहीही आलं तरी मला पुरलं असतं, म्हणून विचारलं नाही.

अकराला चाळीसावं झालं. दादांना मागे बसवलं, खोका मध्ये, आणि आम्ही मोशीवरून चिंचवडला निघालो. बाराला पाच कमी असताना स्टोअरच्या खिडकीत खोका ठेवला. बाईंनी एक ड्रिल उचलून चष्म्यावरून बघितलं. नालीत खोल कुठेतरी हळदीची एक रेघ राहून गेली होती.

"हे पिवळं काय?"

मी खरं सांगितलं. गंज चढला, पुन्हा धार लावली, सगळंच. त्यांनी आत आवाज देऊन ते ड्रिल मशीनवर लावायला सांगितलं. आम्ही दोघं खिडकीशी उभे. आतून लोखंडात भोक पडतानाचा आवाज आला, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. दादा मान जरा तिरकी करून ऐकत होते.

"हाताने केलीय ही धार," बाई परत येऊन म्हणाल्या. "कुणी?"

मी दादांकडे बोट दाखवलं. करड्या झालेल्या शर्टात दादा अवघडून उभे होते.

"बुधवारी खोका घेऊन जा," बाई मला म्हणाल्या. "आणि पुढच्या नवमीला आमची हत्यारं आमच्याकडे असू द्या. पूजा आम्ही करू."

तिथून आम्ही दापोडीला निघालो. गल्लीच्या तोंडाशी माझा धीर सुटायला लागला. पेढे वाटून झालेले. दारातच आई उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दादांच्या शर्टाकडे.

"झालास का रे जॉइन?"

मी मोटारसायकल स्टँडवर लावत राहिलो. दादा आत गेले, मोरीपाशी बसून हाताला साबण लावायला लागले. काळं पाणी वाहायला लागलं. तिकडूनच म्हणाले, "नाही झाला."

आई मटकन खाली बसली. "आता लोकांना काय सांगू मी?"

"सांग, पोरगं कामाला लागलंय."

एक लोकल गेली, भांडी थरथरली. दादांनी हात पुसले, सवयीने डावं मनगट वर केलं, आणि तिथे काही नाही हे बघून तसंच धरून ठेवलं.

"दादा, घड्याळ गव्हाणीत राहिलं. मी संध्याकाळी आणून देतो."

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "गुरुवारी येणारच हाय मी."

आईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग उठली आणि चहाचं आधण ठेवलं.